काका, हात वर!

मागच्या दिवाळीच्या आधी एक तिशीतला मुलगा तुटकं ब्रॅकेट घेऊन वर्कशॉपवर आला. भोसरीत माझं छोटंसं जॉबवर्कचं युनिट आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन माणसं. असली सुटी कामं आम्ही सहसा परत पाठवतो, कारण एका नगाच्या सेटिंगला जेवढा वेळ जातो तेवढ्यात लायनीतले पन्नास नग निघतात. पण ब्रॅकेट हातात घेतलं आणि वास आला. टू-टी ऑइलचा तो जळका, गोडसर वास. माझ्या वयाच्या माणसाला तो वास थेट कॉलेजच्या पार्किंगमध्ये नेऊन उभा करतो.

"टू-स्ट्रोकचं आहे का रे?"

"हो काका. पॅरामोटरचं. सायलेन्सर धरून ठेवतं."

पॅरामोटर म्हणजे पाठीवर बांधायचं इंजिन, त्याला मागे पंखा, आणि डोक्यावर कापडी पंख. इंजिन एकशे ऐंशीच्या आसपास सीसीचं, ताकद पंचवीसेक हॉर्सपॉवर. माझ्या आरएक्स हंड्रेडची अकरा होती आणि त्या अकरात मी अर्धा महाराष्ट्र पालथा घातला होता. पंचवीस घेऊन हा पोरगा हवेत जातो! मी ब्रॅकेट नव्यानं बनवून दिलं, पैसे घेतले नाहीत, फक्त एकच अट घातली. मला ते इंजिन चालताना बघायचंय.

पुढच्या रविवारी वडिलांची बुलेट काढली आणि जुन्या हायवेनं कामशेतला गेलो. कामशेत, पवनानगर हा आमचा नेहमीचा नाश्त्याचा रस्ता. त्या डोंगरांवरून लोक पॅराग्लायडिंग करतात, नुसत्या कापडी पंखानं उडतात, हे ठाऊक होतं, येता-जाता मान वर करून पाहिलंही होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी जग होतं. त्या दिवशी इंजिन पाहिलं, ऐकलं, त्याची प्लगची कॅप काढून पाहिली. मग त्या मुलाच्या शिक्षकाला विचारलं, "हे शिकायला किती दिवस लागतात?"

शिक्षक सत्तावीस वर्षांचा. मावळातलाच. लहानपणी याच डोंगरांवर गुरं राखायचा, आणि उडायला येणाऱ्या मुंबईकरांची ओझी वर नेता नेता स्वतः शिकला. त्यानं माझ्याकडे, माझ्या पोटाकडे आणि बुलेटकडे त्याच क्रमानं पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन शेवटी, काका. आधी नुसती विंग. वारा कळल्याशिवाय इंजिन लावलं तर आवाज तेवढा जास्त होतो."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. इंजिन म्हणजे मुख्य गोष्ट, बाकी सगळं त्याच्याभोवती बांधलेली चौकट, अशी माझी पस्तीस वर्षांची समजूत. पण राइट बंधूंचं काम याच क्रमानं झालं होतं. ओहायोतले सायकल दुकानदार हे. 1900 पासून 1902 पर्यंत तीन वर्षं त्यांनी बिनइंजिनाचे ग्लायडरच उडवले. इंजिन आलं 1903 मध्ये, अगदी शेवटी, आणि ते त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं लेथ आणि ड्रिलिंग मशीनवर सहा आठवड्यांत उभं केलं. ताकद बारा हॉर्सपॉवर. माझ्या आरएक्सपेक्षा एक जास्त. हे वाचल्यावर मी दोन दिवस आमच्या लेथकडे वेगळ्या नजरेनं पाहत होतो.

मोटारसायकलवाल्यांचं आणि विमानवाल्यांचं गोत्र तसंही जवळचं आहे. ग्लेन कर्टिस आधी मोटारसायकली बनवायचा. जानेवारी 1907 मध्ये त्यानं फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचवर स्वतःच्या आठ सिलिंडरच्या गाडीवर ताशी 219 किलोमीटरच्या आसपास वेग गाठला, आणि पुढच्याच वर्षी लोकांना जमवून विमान उडवून दाखवलं. बीएमडब्ल्यूचं उलट. ते आधी विमानांची इंजिनं बनवत. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानं जर्मनीला ती बनवायची बंदी आली, आणि 1923 मध्ये त्यांची पहिली मोटारसायकल बाजारात आली. हे सगळं मी घरी बायकोला सविस्तर सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही नाव घातलंय."

घातलं होतं.

वयाचा मुद्दा घरात कुणी काढला नाही, म्हणून मीच काढला. जे. आर. डी. टाटांनी 1932 साली कराची ते मुंबई टपाल आणलं, आणि बरोबर पन्नास वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1982 ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तोच प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवत केला. मुलगा म्हणाला, "पण बाबा, ते शिकले पंचविशीत." दाखला बाद.

पहिले तीन दिवस जमिनीवरच. भातकापणी झालेली खाचरं, त्यात धसकटं, आणि त्या धसकटांवर पसरलेली पंचवीस चौरस मीटरची विंग. कापड पाहिलं तर रेनकोटच्या जातीचं. दोन थर, मध्ये कप्पे, पुढच्या कडेला तोंडं उघडी. वारा त्या तोंडांतून आत शिरतो आणि कापडाला पंखाचा आकार येतो. आत ताठ सांगाडा नाही. हवा आत आहे तोवर पंख आहे, हवा गेली की चादर. 1978 मध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावात तिघा पॅराशूटवाल्यांनी असलं पॅराशूट घेऊन डोंगरउतारावरून धावत उडी घेतली, तिथून हा खेळ सुरू झाला असं मानतात.

विंगकडे तोंड करून उभं राहायचं, लाइन म्हणजे तिच्या दोऱ्या ओढून ती डोक्यावर आणायची, मग गर्रकन वळून वाऱ्याकडे धावायचं. वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी विंगनं मला सतरा वेळा ओढत नेलं. सतरा हा आकडा बरोबरच्या मुलींनी मोजलेला. सगळे आयटीतले, पंचवीस-सव्वीसचे, पडले की हसत उठायचे. मी पडलो की आधी गुडघा चाचपायचो, मग चष्मा, मग उठायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी विंग डोक्यावर अर्धा मिनिट स्थिर राहिली आणि मला कळलंच नाही मी काय वेगळं केलं. शिक्षकाला विचारलं तर तो म्हणाला, "बघत नव्हता तिच्याकडं, म्हणून राहिली."

राइट बंधूंपैकी विल्बर अनेक सायकलवाल्यांना विचारायचा, डावीकडे वळताना तुम्ही काय करता? कुणालाच पहिल्या झटक्यात पूर्ण बरोबर सांगता आलं नाही. कारण वळायच्या आधी प्रत्येक जण हँडल क्षणभर उलट्या बाजूला ढकलतो, आणि हे करणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं. बुलेटवर आपण तेच करतो. ताम्हिणीच्या वळणांवर माझे हात जे करतात ते मला कुणी लिहून द्यायला सांगितलं तर मी नापास होईन.

आणि माझी अडचण नेमकी तीच होती. माझ्या हातांना फार येत होतं.

इथे जरा मागे जावं लागेल. मी गाडी शिकलो वडिलांच्या बुलेटवर. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. चालू करायची तर डीकॉम्प दाबून अँपमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग किक. घाई केली तर किक उलटी येऊन नडगी फोडते. वडील या सगळ्या विधीबद्दल देवपूजेपेक्षा कडक. 1991 मध्ये मी स्वतःची आरएक्स घेतली, सेकंडहँड. तिचं सगळं उलट, गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. आठ दिवस मजेत चालवली. नवव्या दिवशी चिंचवडच्या बाजारात एक केळीची हातगाडी आडवी आली आणि माझ्या डाव्या पायानं जिवाच्या आकांतानं ब्रेक दाबला. तिथे ब्रेक नव्हता, गिअर होता. पुढे काय झालं ते केळेवाल्याला आणि मला माहीत. वडिलांनी सहा डझनांचे पैसे दिले आणि म्हणाले, "डोक्यानं शिकलास, पायानं अजून शिकायचास."

विंगला दोन ब्रेक असतात, एकेका हातात एकेक मूठ. नाव ब्रेकच, आणि तिथेच घोटाळा आहे. मूठ खाली ओढली की पंखाची मागची कड खाली वाकते आणि त्या बाजूचा पंख मंदावतो. दोन्ही ओढल्या की सगळाच वेग कमी. नवशिक्याच्या विंगचा मोकळा वेग ताशी पस्तीस-छत्तीस किलोमीटर. ओढत ओढत विसाच्या जवळपास न्याल तर पंख उडायचंच सोडून देतो. म्हणजे घाबरलात, काही विपरीत वाटलं, तर ब्रेक सोडायचा. हात वर. पंखाला त्याचा वेग परत द्यायचा.

पस्तीस वर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला हे सांगून बघा. माझ्या शरीरात भीतीचा एकच अर्थ साठलेला आहे: मूठ आवळ.

पहिलं खरं उड्डाण डिसेंबरात, सकाळच्या मऊ वाऱ्यात. हार्नेस म्हणजे विंगला लटकलेली पट्ट्यांची खुर्ची. तिचे पायाचे पट्टे, छातीचा पट्टा, हेल्मेट, लाइनी, वारा. पायाचे पट्टे दोनदा तपासायचे, कारण ते विसरलं तर माणूस उडाल्यावर हार्नेसमधून खाली सरकतो. वडिलांना हा विधी आवडला असता. कानात वॉकीटॉकी. "धावा काका. धावा. धावा. थांबू नका, धावा!" मी धावलो. तीन-चार पावलांवर पाय हलके झाले आणि मी चक्क खुर्चीत बसायला लागलो, सगळे नवशिके करतात ती चूक. ढुंगण उताराला एकदा घासलं, झुडपाचा फटका बसला, आणि मग घासायला काही उरलं नाही.

पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. पूर्ण नव्हे, लाइनींमधून वारा शीळ घालत असतो. पण इंजिन नाही. गाडीवर मी सगळं इंजिनाच्या आवाजावरून ओळखतो. चढ किती, गिअर बरोबर आहे का, टॅपेट सैल झालेत का, सगळं. इथे ऐकायला काही नव्हतं. खाली एक बाई धुणं वाळत घालत होती आणि तिच्या पितळी बादलीची कडी खणकन वाजलेली मला स्पष्ट ऐकू आली. पलीकडे लोहगड आणि विसापूर. आयुष्यभर खालून पाहिलेली जोडी.

"काका," कानात आवाज आला, "उजव्या हाताला काय करताय?"

पाहिलं. उजवं मनगट हळूहळू आत पिळलं जात होतं. सुटत होतं, परत पिळलं जात होतं.

"एक्सिलेटर देताय का?"

देत होतो. सगळा ग्रुप रेडिओवर होता, त्यामुळे लँडिंगला पोचेपर्यंत माझं नवीन नाव सगळ्यांना पाठ झालं होतं. ते नाव अजून चालू आहे. दीड मिनिटाचं उड्डाण, आणि त्यातलं मिनिटभर मी कापडी पंखाला गॅस देत होतो.

वळण घेणं मात्र मला पहिल्यापासून जमलं. नजर आधी, मग कंबर, मग हात. गाडीवर हेच करतो. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल, हे आम्ही नव्या रायडरना सांगतो. इथे खड्ड्याच्या जागी शेताच्या कडेचं एकटं बाभळीचं झाड असतं. आयटीतली मुलं त्या झाडाकडे लोहचुंबकासारखी ओढली जायची, मी नाही. एवढं एक श्रेय मी स्वतःला देतो, कारण पुढे द्यायला फारसं काही नाही.

चष्म्याचं कुणीच आधी सांगितलं नव्हतं. माझा प्रोग्रेसिव्ह नंबर आहे, वरच्या भागातून दूरचं, खालच्यातून वाचायचं. लँडिंगला जमीन खालून येते. म्हणजे ज्या क्षणी उंची अचूक दिसायला हवी, नेमक्या त्याच क्षणी मी तिच्याकडे पेपर वाचायच्या काचेतून बघतो. जमीन उरलीय किती? मीटर? तीन मीटर? एक-दीड मीटरवर दोन्ही ब्रेक पूर्ण ओढायचे असतात, म्हणजे पंख शेवटचा एक झोका देऊन अलगद उभं करतो. मी ते सलग चार वेळा दुप्पट उंचीवर ओढले. विंग थांबायची, आणि मी गोणीसारखा खाली. शेवटी फक्त दूरच्या नंबरचा स्वस्तातला चष्मा करून घेतला. सव्वीस वर्षांच्या शिक्षणार्थ्यांच्या सूचनापत्रकात हे कलम कसं असणार!

थांबणं ही दुसरी गोष्ट. आम्ही गाडीवाले थांबत नाही. पाऊस आला तर रेनकोट, ऊन आलं तर रुमाल. इथे डोंगरमाथ्यावर विंग पसरून तीन-तीन तास बसायचं. वारा दाखवणारा कापडी विंडसॉक लोंबतोय, मग फडफडतोय, मग आडवा ताठ. शिक्षक गवताची काडी चघळत घारींकडे बघतो. घार पंख न हलवता चकरा मारत वर चाललीय म्हणजे तिथे तापलेली हवा वर उठतेय. कधी घारी चांगल्या वर जातायत, आम्हाला वाटतं आता, आणि तो म्हणतो, "आज नाही. गुंडाळा." कारण विचारलं तर समोरच्या तळ्याच्या पाण्याकडे बोट दाखवतो. पाण्यावरच्या रेघा तिरक्या झालेल्या असतात. पहिल्यांदा मला राग आला होता, मनातल्या मनात पेट्रोलचे पैसेही मोजले. नंतर नंतर मीही पाण्याकडे बघायला लागलो. दोनदा तर त्याच्या आधी मीच गुंडाळायला घेतली, आणि तो काही बोलला नाही. आमच्या धंद्यात उस्ताद असा गप्प राहिला की आपण शहाणे झालो असं समजतात.

फेब्रुवारीत मी भलत्याच शेतात उतरलो. वारा वाढला, पुढे सरकता येईना, आणि ठरलेल्या खाचराच्या दोन बांध अलीकडे हरभऱ्यात पाय टेकले. लँडिंग आजवरचं सगळ्यात सुरेख झालं. उभाच्या उभा. विंग मागे हरभऱ्यावर अलगद पसरली. बांधावरून एक म्हातारी उठून आली, हातात विळा.

"ही चादर उचल आधी."

"हो मावशी."

"ओढू नगंस! उचल म्हनले. घाटे झडत्यात."

एकेक लाइन झाडांतून सोडवत, गुडघ्यावर बसून, पाऊण तास मी विंग गोळा केली. ती शेजारी उभी राहून देखरेख करत होती. एकदाच म्हणाली, "पोरं उतरत्यात हितं कवा कवा. म्हातारा पयल्यांदाच आला." नुकसानीचे दोनशे रुपये घेतले, मोजून, आणि निघताना ओंजळभर सोलाणे दिले. ते नुकसानीतलेच होते, माझ्याच विंगखाली झडलेले.

आणि मग तो मार्चमधला दिवस. दुपारचे चार, हवा उकळत असल्यासारखी. उडायला थोडा उशीर करायला हवा होता असं नंतर सगळेच म्हणाले. डोंगरकडेच्या वर, बरीच उंची हातात असताना, उजवीकडे डोक्यावर कागद चुरगाळल्यासारखा आवाज झाला आणि हार्नेस उजवीकडे खचला. वर पाहिलं. पंखाचं उजवं टोक नव्हतं. म्हणजे होतं, पण आत दुमडून लोंबत होतं. बाहेरच्या हवेनं वरून दाबलं की असं होतं, आणि नवशिक्याच्या विंगा आपण मधे लुडबुड केली नाही तर आपोआप उघडतील अशाच बनवलेल्या असतात. हे मी वहीत लिहून घेतलं होतं, अधोरेखित करून.

मी दोन्ही मुठी छातीपर्यंत ओढून धरल्या.

शीळ थांबली. लाइनींतली ती बारीक शीळ, जिच्याकडे चार महिने मी लक्ष दिलं नव्हतं, ती हळूहळू बंद होत गेली. वारा तोंडावर लागेना. टॅपेटचा आवाज बदलला की पोटात जसं होतं, तसं झालं.

"हात वर! काका, हात वर! वर!"

हात जाईनात. मी वर ढकलतोय आणि ते खाली धरून बसलेत, कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. केळीची गाडी आणि डावा पाय. किती वेळ गेला सांगता येत नाही. खाली उभ्या असलेल्यांच्या मते दोन सेकंद. मग बोटं सुटली. हात वर गेले, विंग पुढे झेपावली, फट्‌ आवाज करून उजवं टोक उघडलं आणि शीळ परत आली.

उतरल्यावर शिक्षकानं पाणी दिलं. म्हणाला, "डोक्याला माहिती होतं ना? मग झालं. हातांना वेळ लागतो." वडील आणि हा पोरगा कधी भेटले नाहीत.

त्यानंतर मी रोज रात्री गच्चीवर खुर्चीत बसून सराव केला. दोरीच्या दोन मुठी, मुलगा मागून अचानक खुर्ची हलवणार, आणि मी हात वर. शेजाऱ्यांना वाटलं योगासनं. पन्नास वेळा, शंभर वेळा, पावसाळ्यात उडणं बंद असतानाही. ऑक्टोबरात नवा हंगाम सुरू झाला तेव्हा हात आपोआप सुटायला लागले होते. एकदा विंगचं टोक जरासं दुमडलं, तर मला कळायच्या आत हात कानांजवळ होते. रेडिओवर शिक्षक नुसतं "हां" म्हणाला. पॅरामोटरचं इंजिन अजून त्या मुलाच्याच घरी आहे. तो मधूनमधून विचारतो, मी म्हणतो बघू.

त्या "हां"च्या संध्याकाळी मी खुशीत घरी निघालो. वडगाव फाट्याच्या अलीकडे पुढे कांद्याचा टेम्पो होता, मी त्याच्या मागे, पन्नासच्या आत. कुत्रं आडवं आलं. टेम्पोचे लाल दिवे लागले.

आणि माझी बोटं उघडली. क्लच नाही, ब्रेक नाही, दहाच्या दहा बोटं हँडलवर सरळ, मोकळी, कांद्याची पोती मोठी मोठी होत चाललेली.

गाडी थांबली ती डाव्या पायानं. पुढचं चाक टेम्पोच्या फाळक्यापासून वीतभर. मागे पोत्यांवर बसलेला क्लीनर वाकून बघत म्हणाला, "काका, झोप लागली का?"

मी नाही म्हणालो. पाय अजून ब्रेकवरच होता.